सपाट बटण

१

"तुमच्या भगिनींना येऊन घेऊन जा," ग्रंथपाल फोनवर म्हणाले, तेव्हा मला वाटलं ताई पडली. विचारलं, हाड मोडलं का.

"हाड मोडलं असतं तर परवडलं असतं," ते म्हणाले. "चोरी झाली आहे. आणि चोर आमच्यासमोर खुर्चीत बसला आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताईला वाटेल ते बोलायचा हक्क मला आहे, कारण मी तिची धाकटी बहीण आहे. या माणसाला तो कोणी दिला?

मी कोण ते आधी सांगते. बत्तीस वर्षं मी टपालखात्यात काढली, तीही न पोचलेल्या पत्रांच्या खोलीत. पत्ता चुकलेली, माणूस मेलेला, घर पाडलेलं, अशी सगळी पत्रं तिथे येतात. ती उघडायची, आत कोणाचा ठावठिकाणा सापडतो का पाहायचं आणि सापडला तर परत पाठवायची. परक्या माणसांची पत्रं उघडून उघडून मला इतका वीट आला की निवृत्त झाल्यापासून मी घरी आलेलं टपालही, विजेचं बिल सोडलं तर, फोडत नाही.

आणि त्या खोलीत मला सगळ्यात जास्त कोणी छळलं असेल तर सख्ख्या बहिणीनं. ताईला टपालकलेचा नाद. जगभरातले काहीशे लोक एकमेकांना पोस्टानं कविता पाठवतात, त्याही वाचायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. टंकयंत्रावर एकच अक्षर हजार वेळा बडवून त्याचा जिना करायचा, शिक्के उलटेसुलटे मारून त्याचा पक्षी करायचा, आणि याला दृश्यकविता म्हणायचं. त्यातला एक खेळ तर असा की मुद्दाम नसलेल्या पत्त्यावर पाकीट टाकायचं, म्हणजे ते चार देशांचे शिक्के अंगावर घेऊन परत येतं. परत कुठे येतं? माझ्या टेबलावर. साहेब विचारायचे, ही बाई कोण हो? मी मान खाली घालून म्हणायचे, असेल कोणीतरी रिकामटेकडी.

मलाही ती पाठवते. महिन्याला एक, न चुकता. जिन्याखाली मी एक खोकं ठेवलंय, त्यात टाकते. फोनवर तिनं विचारलं, मिळालं का, की मी म्हणते, मिळालं. परवा मंगळवारीच एक जाडजूड आलं, तिकिटांनी मढवलेलं. तेही गेलं खोक्यात.

२

ग्रंथालयाच्या तळमजल्याच्या दिवाणखान्यात चारही भिंतींवर जमिनीपासून छतापर्यंत कार्डं आणि पाकिटं लावली होती. टपालकलेत निवड नसते. जे येईल ते सगळं लावायचं, परत काही पाठवायचं नाही, प्रवेशाला पैसे नाहीत. त्यामुळे चांगल्याच्या शेजारी भिकार, आणि भिकार जास्त. उद्या सकाळी उद्घाटन होतं. दारातच माणसाएवढं मोठं भित्तिपत्रक होतं आणि त्याच्यावर ज्या कागदावरून हा सगळा गोंधळ झाला तो कागद जसाच्या तसा छापलेला होता.

त्या कागदाला हे लोक फेरपत्र म्हणतात. तेवीस वर्षांपूर्वी ताईनं एका जाड कागदाच्या मधोमध एक अक्षर टंकलं आणि तो आठ घड्या करून पाकिटातून पाठवला. ज्याला मिळेल त्यानं आपली एक खूण करायची आणि पुढच्याला पाठवायचं. चौपन्न लोकांच्या हातून तो गेला. कोणी अंगठा उमटवला, कोणी भोक जाळलं, एका परदेशी दंतवैद्यानं सदऱ्याचं पांढरं बटण शिवलं. शेवटचा माणूस वारला तेव्हा त्याच्या मुलानं कागद मूळ पत्त्यावर, म्हणजे ताईची टपालाची खोली जिथे वरच्या मजल्यावर आहे त्या या ग्रंथालयात, परत धाडला. ग्रंथपालांनी ठरवलं की आता हा फिरणार नाही, काचेत बसणार.

समोरच्या भिंतीवर ती चौकट होती. तिच्यासमोर डोक्याला लोकरी टोपी घातलेला एक म्हातारा उभा होता. हा शिक्केवाला. रबराचे शिक्के कोरतो, ताईचा चाळीस वर्षांचा सोबती आणि गेल्या सहा वर्षांचा वैरी. भांडणाचं कारण काय, तर तिनं एका यादीत त्याचा शिक्का उलटा छापला.

"या, बघा," तो मला म्हणाला. "बटण बघा. बाजूनं बघा."

मी भिंतीला गाल लावून पाहिलं. बटणाला जाडी नव्हती. दोरा होता, चार भोकं होती, खाली सावलीही होती, पण सगळं सपाट. काचेत कागद नव्हता, कागदाची रंगीत झेरॉक्स होती.

"सकाळी दहाला माझ्या लक्षात आलं," शिक्केवाला म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख होतं असं मी म्हणणार नाही.

ताई कोपऱ्यातल्या खुर्चीत मांडीवर हात ठेवून बसली होती. पंच्याहत्तरीतही तिच्या तोंडाचा पट्टा कोणाला ऐकत नाही. मी जवळ जाऊन म्हटलं, "काय उद्योग करून ठेवलास?"

तिनं माझ्याकडे बघितलं आणि काही बोलली नाही. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

३

ग्रंथपालांचं टेबल असं होतं की त्यावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या. त्यांनी मला एक टंकलेला कागद दाखवला. ठरावाचा मसुदा. ताईची किल्ली काढून घ्यावी, वरच्या खोलीतली तिची दोनशे बारा खोकी आठ दिवसांत हलवावीत, न हलवल्यास रद्दीत द्यावीत. चार वाजता विश्वस्त येऊन सही करणार होते. घड्याळात साडेअकरा झाले होते.

"चाळीस वर्षांचं काम आहे तिचं," मी म्हटलं.

"मग चाळीस वर्षांची अक्कलही हवी होती. सगळ्यांसमोर म्हणाल्या त्या, तुम्ही हे काचेत घालून मारताय, मी काढून पुन्हा टपालात टाकीन. आणि काल संध्याकाळी अर्धा तास त्या एकट्याच चौकटीसमोर उभ्या होत्या. काचेवर हात ठेवून. मी स्वतः पाहिलं."

"मग तेव्हाच का नाही हटकलंत?"

"हात ठेवण्याला बंदी नाही."

हा माणूस मला लहानपणी भेटला असता तर मी त्याच्या दप्तरात बेडूक सोडला असता. पण तो खोटं बोलत नव्हता. मी म्हटलं, कागद कोणाकोणाच्या हातात होता, दिवसवार सांगा. ते त्यानं धडाधडा सांगितलं. शुक्रवारी ताईनं पाकीट फोडून, सगळ्यांसमोर, कागद त्यांच्या स्वाधीन केला. शनिवारी दुपारी ताईच्या मुलीनं भित्तिपत्रकासाठी तो घरी नेऊन स्कॅन केला आणि संध्याकाळी फोल्डरमधून परत आणून दिला. रविवारी फोल्डर खणात, खण उघडा, कारण शिक्केवाला शेजारी बसून चिठ्ठ्यांवर शिक्के मारत होता. सोमवारी सकाळी चौकटवाल्याकडे. काल, बुधवारी, भिंतीवर.

"परत आला तेव्हा तुम्ही उघडून पाहिला?"

"मूळ कागदाला मी बोट लावत नाही. घामानं खराब होतो."

"तेवीस वर्षं पोस्टमननी लावलेली बोटं चालली का मग त्याला?"

त्यांनी पेन्सिली सरळ केल्या. मी म्हटलं, ती चौकट भिंतीवरून उतरवा, मला तिची पाठ बघायची आहे.

पाठीवर तपकिरी कागद चहूबाजूंनी डिंकानं चिकटवलेला होता आणि शिवणीवर चौकटवाल्याची सही होती, खाली सोमवारची तारीख. मी भिंग मागवलं. लोकांनी पाकिटं वाफेवर उघडून पुन्हा चिकटवलेली मी हजारोंनी पाहिली आहेत. हा कागद कोणी उघडला नव्हता.

"म्हणजे कालची संध्याकाळ गेली," मी म्हटलं. "झेरॉक्स सोमवारीच आत गेली. आता माझ्या बहिणीची माफी मागा."

ग्रंथपाल हसले. ते हसतात हे मला तेव्हाच कळलं.

"उलट," ते म्हणाले. "म्हणजे त्यांनी शुक्रवारीच आम्हाला झेरॉक्स दिली. घडी घातलेली. कोणी उलगडली नाही. आणि काल त्या आपली करामत बघायला आल्या."

मी चौकटवाल्याचं दुकान कुठे ते विचारलं.

४

चौकटवाल्याचं दुकान रस्त्यापलीकडेच होतं. तो काच कापत होता आणि थांबला नाही.

"मला सांगितलं कागद मढव, मी कागद मढवला. बटण चित्रातलं आहे की खरं, ते मला कोणी सांगितलं?"

"घडी कशी होती?"

"कडक. घड्या बसेनात म्हणून रात्रभर वजनाखाली ठेवायला हवा होता, पण त्यांना घाई. उलगडताना कडकड वाजला."

तेवीस वर्षं उघडमीट झालेला कागद वाजत नाही. घडीवर तो जुन्या रुमालासारखा मऊ पडतो. चौकटवाल्याकडे आली तेव्हाच ती झेरॉक्स होती, एवढं पक्कं झालं. पण ग्रंथपालांचं म्हणणं त्यानं खोटं ठरत नव्हतं.

परत आले तर शिक्केवाला दारात पाय पसरून बसला होता. मी त्याला सरळच विचारलं, रविवारी उघड्या खणाशेजारी तुम्ही होतात, तुम्हीच कशावरून घेतला नाही?

"घेऊन काय करू? कागदावर माझी खूण आहे. दुसरीच. तुमच्या बहिणीच्या अक्षराखाली, लाल शिक्का. माझा वाटा मला मिळाला."

"तिला अडकवायला."

"तिला अडकवायचं असतं तर मी यापेक्षा चांगलं काहीतरी केलं असतं." मग तो जरा पुढे वाकला. "बाई, मला ती आवडत नाही. ती उर्मट आहे, दुसऱ्याचं काम उलटं छापते आणि चूक कबूल करत नाही. पण फेरपत्राचे नियम तिनं केले आणि तेवीस वर्षांत एकदाही मोडले नाहीत. त्या दंतवैद्यानं बटण शिवलं आणि वर सहीही ठोकली. दोन खुणा. आम्ही दोघांनी मिळून त्याला लिहिलं की सही खोड, नाहीतर तुझ्याशी टपाल बंद. खोडली त्यानं. एका माणसाची एक खूण."

"बाकीचे नियम?"

त्यानं भित्तिपत्रकाच्या तळाकडे हनुवटी केली. तिथे तीन ओळी होत्या. एकदाच भर घालायची. घातल्यावर आपल्यासाठी एक झेरॉक्स काढून ठेवायची. पंधरा दिवसांत पुढे पाठवायचं, आणि तेही ज्याच्या हाती ते कधी पडलं नाही त्यालाच.

मी मधली ओळ दोनदा वाचली. घातल्यावर झेरॉक्स. आधी नाही.

५

भाची खिडकीशी बसून पाहुण्यांच्या नावांच्या पट्ट्या कापत होती. जाहिरातींची मांडणी करण्याचं काम करते, चाळिशीची आहे, हात एकदम स्वच्छ. आईवर चोरीचा आळ आलेला, आणि हिच्या पट्ट्या एका मापाच्या.

"तुला काही वाटतं का?" मी म्हटलं.

"वाटून काय होणार आहे, मावशी? ती खोकी तिथून गेली तर बरंच होईल. माणसासारखी माझ्याकडे येऊन राहील."

"रद्दीत देणार आहेत."

"कोणाला काय हवंय त्यातलं?" ती कापत राहिली. मग म्हणाली, "तुझं ते खोकं आहे का अजून? जिन्याखालचं?"

"कुठे जाणार आहे ते?"

"अजून फोडत नाहीस?"

"शनिवारी स्कॅन केलास तो कागद खरा होता का, ते सांग. विषय बदलू नकोस."

"खराच. बटण काचेवर टेकून कागद उचलला जात होता, पुस्तकं ठेवून दाबला."

"हे ग्रंथपालांना का नाही सांगितलंस? शनिवारी कागद खरा होता म्हणजे शुक्रवारी तुझ्या आईनं खराच दिला."

कात्री थांबली. "मुलगी आईच्या बाजूनंच बोलणार, असं म्हणतील ते," ती म्हणाली आणि पट्ट्या गोळा करून आत गेली.

मला तिचा राग आला. खरं तर मला सगळ्यांचाच राग आला होता, पण तिच्या बोलण्यानं एक गोष्ट हातात दिली. भित्तिपत्रकावरचा कागद शनिवारचा होता. चौकटीतली झेरॉक्स कधीची, ते माहीत नव्हतं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून मोजायला कोणाला सुचलं नव्हतं, कारण या लोकांना मोजण्याची सवय नाही. मला बत्तीस वर्षं दुसरं काही कामच नव्हतं.

आठ घड्यांमुळे कागदाचे आपोआप चौकोन पडले होते. भित्तिपत्रकावर एकेका चौकोनातल्या खुणा मोजल्या, कागदावर आकडा लिहिला. मग चौकटीवर तेच. खाली चिठ्ठीवर छापलं होतं, चौपन्न हात, तेवीस वर्षं. भित्तिपत्रकाची बेरीज चौपन्न आली.

चौकटीची आली पंचावन्न.

पुन्हा मोजलं. फरक एकाच चौकोनात होता, उजवीकडे खाली, अगदी कडेला. पेन्सिलीच्या सहा बारीक आडव्या रेघा, एकीवर एक. बघणाऱ्याला वाटावं, कोणीतरी पट्टी ठेवून माप घेतलं असेल. आकडे नाहीत, सही नाही.

मी भिंग लावलं. तिसरी आणि चौथी रेघ जवळजवळ चिकटलेली होती. सहावी तिरकी, शेवटाला घसरलेली.

मी भिंग खाली ठेवलं. मी तिथेच स्टुलावर बसले. त्या रेघा माझ्या ओळखीच्या होत्या. मीच ओढलेल्या होत्या.

६

चार वाजता दोन विश्वस्त आले. दोघांनाही घरी जायची घाई होती. ग्रंथपालांनी पेनचं टोपण काढून पेन पुढे केलं.

"थांबा," मी म्हटलं. "सही करण्याआधी मोजता येतं का कोणाला?"

मी त्यांना भित्तिपत्रकासमोर उभं केलं आणि मग चौकटीसमोर. शनिवारी चौपन्न, सोमवारी पंचावन्न. ताईनं शुक्रवारी ही झेरॉक्स दिली असती तर शनिवारच्या स्कॅनमध्ये पंचावन्न खुणा दिसल्या असत्या. म्हणजे ताईनं दिला तो कागद खरा होता. शनिवारच्या स्कॅननंतर आणि सोमवारच्या मढवण्याआधी कोणीतरी त्यावर एक खूण केली, झेरॉक्स काढली आणि खणात खऱ्याच्या जागी ती ठेवली. त्या वेळात ताई या इमारतीत नव्हती. ग्रंथपालांच्या स्वतःच्या येण्याजाण्याच्या वहीत तिची सही शुक्रवारनंतर थेट बुधवारी आहे.

ग्रंथपालांनी वही पाहिली. चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला, आणि ते बघून मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

"मग उरले तीन," मी म्हटलं. "तुम्ही, हे शिक्केवाले आणि माझी भाची. तुमच्या लेखी हा कागद म्हणजे वस्तू. चोरलात तरी त्यावर रेघ ओढणार नाही, घाम लागेल. शिक्केवाल्यांची खूण आधीच आहे आणि दुसरी करण्याआधी ते स्वतःचा हात तोडतील. चोरी कोणीही करील हो. पण चोरायच्या कागदावर आधी आपली खूण करायची, मग नियमाप्रमाणे झेरॉक्स काढायची, हे फक्त या नादात वाढलेलं माणूस करील. नुसता चोर असता तर त्यानं आधी झेरॉक्स काढली असती आणि आपल्याला आयुष्यात पत्ता लागला नसता."

शिक्केवाल्यानं टोपी काढली.

"माझ्या स्वयंपाकघराच्या दाराला सहा रेघा आहेत," मी म्हटलं. "पाच वर्षांची होती तेव्हापासून दहाची होईपर्यंत. शाळा सुटली की ती माझ्याकडे यायची, कारण हिच्या आईला संध्याकाळी टपाल बघायचं असायचं. वाढदिवसाला मी तिला दाराच्या चौकटीला उभी करायचे. एका वर्षी कावीळ झाली, वाढलीच नाही, म्हणून तिसरी आणि चौथी रेघ चिकटलेली. सहाव्या वेळी टाचा उचलल्या म्हणून मी चापट मारली आणि पेन्सिल घसरली."

भाची खिडकीशी उभी होती. "पुरे," ती म्हणाली. "मीच केलं. आळ आईवर येईल हे ठरवलेलं नव्हतं. आला, तेव्हा म्हटलं, येऊ दे."

"का?" विश्वस्तांपैकी एकानं विचारलं. त्याला खरोखरच कळत नव्हतं.

"चौपन्न लोक," भाची म्हणाली. "कुठला दंतवैद्य, कुठला दीपगृहवाला. जगातल्या कुठल्याही येड्याला तिनं पाळी दिली. मला नाही. रोज संध्याकाळी ती पोस्टमनची वाट बघायची आणि तिचं पत्र रोज यायचं. मला तिला एकदा दाखवायचं होतं की वाट बघावी आणि येऊ नये म्हणजे काय."

"तुला विचारलं होतं," ताई म्हणाली.

सकाळपासूनचे तिचे हे पहिले शब्द. आवाज घोगरा झाला होता.

"सतरा वर्षांची होतीस. पहिलं पाकीट तुझ्याच हातात दिलं होतं. कचरा, म्हणालीस."

"सतरा वर्षांची पोरगी काहीही म्हणते. पुन्हा विचारायचं होतंस."

ताईनं यावर मान हलवली, हो की नाही ते मला कळलं नाही. मग ती विश्वस्तांकडे वळली. "काल काचेत बघितलं तेव्हाच मला कळलं. चौपन्न मला पाठ आहेत. पंचावन्नावी कोणाची, तेही कळलं. दारातल्या त्या रेघा मी बघितल्या आहेत, मीही कधीतरी पोरीला घ्यायला जायचे. हिनं भर घातली, झेरॉक्स ठेवली, पुढे पाठवलं. सगळं नियमाप्रमाणे झालं. यात चोरी कुठे आहे?"

"मग सकाळपासून का नाही बोललीस?" मी ओरडलेच. "तुझी खोकी रद्दीत चालली होती."

"बोलले असते तर तुम्ही तो परत आणून काचेत घातला असता."

ग्रंथपालांनी ठरावाचा कागद उचलला, दोन तुकडे केले आणि ते तुकडेही एकावर एक नीट ठेवले. ताईची किल्ली टेबलावर सरकवली. माफी मागितली नाही. मग म्हणाले, "पण कागद आहे कुठे? पाठवला कोणाला?"

भाची माझ्याकडे बघत होती. ज्याच्या हाती ते कधी पडलं नाही त्यालाच, असा तिसरा नियम होता. आणि दुपारी तिनं मला विचारलं होतं, तुझं ते खोकं आहे का अजून.

मंगळवारचं ते जाडजूड पाकीट ताईचं नव्हतं.

७

तिघी रिक्षानं माझ्या घरी आलो. मी त्या दोघींना बाहेरच्या खोलीत बसा म्हटलं, मी आणते म्हटलं. पण ताईनं आयुष्यात माझं कधी ऐकलंय?

जिन्याखाली वाकून मी खोकं ओढलं. एक नव्हतं, खरं तर तीन होती, एकात मावेना म्हणून. वरच मंगळवारचं पाकीट होतं. भाचीनं बरोबर हेरलं होतं. जगात इतकी सुरक्षित जागा दुसरी नव्हती. इथे आलेलं काही उघडलं जात नाही, हे लहानपणापासून या घरात वावरलेल्या तिलाच माहीत होतं.

ताईला माहीत नव्हतं.

तिनं वरचं पाकीट बाजूला केलं आणि खालचं उचललं. मग त्याच्या खालचं. उलटून बंद कड पाहिली. तिचं टंकलेलं माझं नाव, तिनं कोरलेलं तिकीट. मग तिनं खोक्यात दोन्ही हात घातले, तळापर्यंत.

"फोनवर म्हणायचीस, मिळालं," ती म्हणाली.

"मिळायचं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते.

"तेरा वर्षं. एकशे छप्पन्न." ती पायरीवर बसली. "उत्तर मागायचं नाही असा नियम आहे, म्हणून मागितलं नाही. पण प्रत्येक वेळी पंधरा दिवस मोजायचे. म्हटलं, जगातून येतं, गल्लीपलीकडून एक येईल."

भाची दारात उभी होती, स्वयंपाकघराच्या, त्या सहा रेघांना पाठ लावून. जे तिला आईला दाखवायचं होतं ते मी तेरा वर्षं दर महिन्याला दाखवत आले होते, आणि हे तिला माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं असावं. ती आत आली आणि आईच्या खालच्या पायरीवर बसली. जवळ नाही, पण बसली.

मी बत्तीस वर्षं वापरलेला कागद कापायचा सुरा अजून माझ्या खणात आहे. तो आणला. मंगळवारचं पाकीट वर होतं, आत खरं बटण हाताला लागत होतं. ते मी बाजूला ठेवलं. त्याला पंधरा दिवस होते.

तळाचं पाकीट काढलं, माझ्या निवृत्तीच्या महिन्याचं, आणि फोडलं.